ओव्हरक्लॉकिंग : संगणकाची अस्थिरता व दोषशोधन

संगणकातील प्रोसेसर, स्मृती अथवा चित्रण-कार्ड हे घटक उत्पादकाने निश्चित केलेल्या कंप्रतेपेक्षा (दर सेकंदास होणाऱ्या स्पंदांच्या संख्येपेक्षा) अधिक कंप्रतेने चालविण्याच्या क्रियेस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. या क्रियेने जादा खर्च न करता संगणकाचा वेग काही प्रमाणात वाढविता येतो. तथापि घटकांची सुरक्षित मर्यादा ओलांडली गेल्यास संगणक अस्थिर होतो. म्हणजे तो मध्येच थिजतो, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो किंवा चुकीची उत्तरे देतो. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे मिळून होणाऱ्या खानदेशासारख्या उष्ण प्रदेशात ही मर्यादा ऋतुमानाप्रमाणे बदलते. त्यामुळे तेथील घरगुती संगणकाच्या बाबतीत दोषशोधनास विशेष महत्त्व आहे.

तत्त्व : संगणकातील सर्व क्रिया एका स्पंदमालिकेच्या तालावर चालतात. मदरबोर्डवरील क्वॉर्ट्झ स्फटिकाच्या साहाय्याने मूळ कंप्रता निर्माण केली जाते. आधुनिक संगणकात ती सामान्यतः १०० मेगॅहर्ट्‌झ असते. तिला ठरावीक गुणकाने गुणले असता प्रोसेसरची कंप्रता मिळते, उदा., गुणक ३६ असल्यास ही कंप्रता ३,६०० मेगॅहर्ट्‌झ होते. गुणक किंवा मूळ कंप्रता वाढविणे हे ओव्हरक्लॉकिंगचे दोन मार्ग होत.

प्रत्येक स्पंदाच्या अवधीत विद्युत् संकेताने ट्रँझिस्टरांच्या एका साखळीतून पार होऊन स्थिर व्हावे लागते. कंप्रता ४,००० मेगॅहर्ट्‌झ असेल, तर हा अवधी केवळ ०·२५ नॅनोसेकंद असतो. एवढ्या काळात प्रकाशसुद्धा निर्वातात सु. ७·५ सेंमी. अंतरच कापतो. अवधी आणखी कमी केल्यास सर्वांत लांब साखळीतील संकेत वेळेत पोहोचत नाही आणि ० च्या जागी १ किंवा १ च्या जागी ० नोंदला जातो. अस्थिरतेचे मूळ कारण हेच होय.

विद्युत् दाब वाढविला असता ट्रँझिस्टर अधिक जलद बदलतात व संकेत वेळेत पोहोचतो. मात्र त्याची किंमत उष्णतेच्या रूपाने द्यावी लागते. बदलक्रियेत खर्च होणारी शक्ती कंप्रतेच्या सम प्रमाणात, परंतु विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कंप्रता १५ टक्के व दाब १० टक्के वाढविल्यास ही शक्ती १·१५ × १·१० × १·१० म्हणजे सु. १·३९ पट होते. याखेरीज तापमान वाढले की ट्रँझिस्टरांतील गळतीप्रवाह वाढतो आणि त्यांच्या बदलण्याच्या वेगावरही सामान्यतः प्रतिकूल परिणाम होतो. अशा रीतीने वेग, दाब व उष्णता यांचे एक दुष्टचक्र तयार होते.

इतिहास : आयबीएम कंपनीच्या १९८४ मधील एटी संगणकात काही वापरणारे १२ मेगॅहर्ट्‌झचा स्फटिक काढून १६ मेगॅहर्ट्‌झचा बसवीत, त्यायोगे प्रोसेसरची कंप्रता ६ वरून ८ मेगॅहर्ट्‌झ होई. इंटेल कंपनीचा १९९८ मधील सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर मूळ कंप्रता ६६ वरून १०० मेगॅहर्ट्‌झ केल्यास ३०० ऐवजी ४५० मेगॅहर्ट्‌झने चालत असल्यामुळे विशेष प्रसिद्धीस आला. पुढे गुणक बंदिस्त करण्यात आले व मोकळ्या गुणकाचे प्रोसेसर निराळे विकले जाऊ लागले. अलीकडचे प्रोसेसर तापमान व शक्ती यांची मुभा असेपर्यंत स्वतःच आपली कंप्रता वाढवितात. त्यामुळे वापरणाऱ्यास शिल्लक राहणारी सुरक्षित कक्षा पूर्वीपेक्षा अरुंद झाली आहे.

खानदेशातील परिस्थिती : उत्तरेस सातपुड्याची रांग असलेल्या तापी खोऱ्यातील हा प्रदेश उन्हाळ्यात अत्यंत तापतो. जळगाव, भुसावळ या भागांत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४२° ते ४५° से. असणे नित्याचे आहे. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १०° से.च्या खालीही जाते. मोठ्या संगणक केंद्रांसाठी १८° ते २७° से. हे हवेचे तापमान योग्य मानले जाते. स्लॅबच्या वा पत्र्याच्या छताखालील घरगुती खोली यापासून किती दूर असते, हे यावरून लक्षात येईल.

पुढील उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. एक प्रोसेसर पूर्ण भाराखाली १२० वॉट उष्णता निर्माण करतो आणि त्यावरील उष्णताशोषक व पंखा यांच्या योगाने दर वॉटमागे तापमान पेटीतील हवेपेक्षा ०·३५° से.ने वाढते, असे मानू. म्हणजे वाढ ४२° से. होईल. पेटीतील हवा खोलीपेक्षा ५° से. अधिक उष्ण धरल्यास, जानेवारीत २०° से. तापमानाच्या खोलीत प्रोसेसर ६७° से.वर व मे महिन्यात ४०° से.च्या खोलीत ८७° से.वर राहील. आता वर सांगितल्याप्रमाणे वेग व दाब वाढविल्यास उष्णता सु. १६७ वॉट व तापमानातील वाढ ५८° से. होईल. जानेवारीत प्रोसेसर ८३° से.वर निर्वेध चालेल; मे महिन्यात मात्र हिशेबाने १०३° से. येतात. अनेक प्रोसेसरांची मर्यादा ९५° ते १००° से. असल्यामुळे तो आपला वेग आपणच घटवील किंवा काम करताना चुकेल. सारांश, हिवाळ्यात पारखलेली मांडणी उन्हाळ्यात स्थिर राहीलच असे नाही. खानदेशात चाचणीचा खरा महिना मे हाच होय.

कोरड्या उन्हाळ्यात येथे घरोघर पाण्याचे कूलर वापरतात. त्यांनी खोलीचे तापमान चांगलेच उतरते; परंतु संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. झोताबरोबर येणारे सूक्ष्म तुषार व त्यांतील क्षार मंडलावर साचतात आणि दमट धूळ उष्णताशोषकाच्या पात्यांत घट्ट बसते. पावसाळ्यात हवाच आर्द्र असल्याने कूलरचा उपयोग फारसा होत नाही. काळ्या जमिनीची बारीक धूळ आणि कापूस पिंजण्याच्या कारखान्यांच्या परिसरात उडणारे तंतू हीदेखील शीतनात अडथळा आणणारी स्थानिक कारणे आहेत.

वीजपुरवठा हा दुसरा महत्त्वाचा घटक होय. भारतातील घरगुती पुरवठ्याचा नामीय दाब २३० व्होल्ट व कंप्रता ५० हर्ट्‌झ आहे. म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. पुरवठा तुटल्यास संगणकातील एसएमपीएस पूर्ण भाराखाली साधारणपणे १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. त्यामुळे दिवा नुसता लुकलुकला तरी संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो आणि त्याचा दोष विनाकारण ओव्हरक्लॉकिंगकडे जातो. उलटपक्षी, वाढीव भारामुळे एसएमपीएस जेमतेम पुरत असल्यास दोष खरोखरच ओव्हरक्लॉकिंगचा असतो.

लक्षणे : दोषाचे स्वरूप व वेळ यांवरून कारणाचा अंदाज बांधता येतो. संगणक सुरूच होत नसेल किंवा सुरू होताना अडखळत असेल, तर स्मृतीच्या मांडणीवर प्रथम संशय घ्यावा. अर्धा-पाऊण तास नीट चालून मग थिजत असेल, तर कारण बहुधा उष्णतेत असते. मोठा भार येताच तो एकदम बंद पडत असेल, तर एसएमपीएस अपुरा असण्याचा किंवा तापमान-संरक्षण कार्यान्वित झाल्याचा संभव असतो. पडद्यावर रंगीत ठिपके वा तुटक आकृत्या दिसणे हे चित्रण-कार्डाच्या दोषाचे लक्षण होय. संकुचित केलेल्या फाइली उलगडताना वारंवार चूक येणे हे स्मृतिदोषाचे सूचक आहे. दोष दुपारीच होतो की पाण्याचा पंप वा फ्रिज सुरू होताना होतो, याची नोंद ठेवणे उपयुक्त ठरते.

दोषशोधनाची पद्धती : दोषशोधनापूर्वी महत्त्वाच्या सर्व फाइलींची प्रत वेगळ्या साधनावर घ्यावी. अस्थिर संगणकावर घेतलेली प्रतही सदोष असू शकते, म्हणून ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी व जुनी प्रत पुसू नये.

(१) बायोसमधील सर्व मूल्ये उत्पादकाने दिलेल्या मूळ स्थितीत आणावीत. संगणक सुरूच होत नसल्यास मुख्य वीज काढून मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी काही मिनिटे बाहेर काढावी किंवा त्यासाठी दिलेला जंपर वापरावा. स्मृतीचा एक्सएमपी हा वेगवान संचही बंद करावा. पुष्कळांना तो ओव्हरक्लॉकिंगचाच प्रकार असल्याची कल्पना नसते. ही पायरी निर्णायक आहे. मूळ स्थितीतही दोष टिकला, तर त्याचे कारण अन्यत्र आहे अथवा घटकास इजा झाली आहे. दोष नाहीसा झाला, तरच पुढील शोध ओव्हरक्लॉकिंगच्या दिशेने करावा.

(२) तापमान दाखविणाऱ्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने विश्रांतीतील व भाराखालील तापमान पाहावे. पेटीची बाजू उघडून बाहेरून टेबलपंख्याचा वारा दिला असता तापमान ठळकपणे उतरले, तर पेटीतील वायुवीजन अपुरे आहे असे समजावे. धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. लेप वाळला असल्यास तो आयसोप्रोपिल अल्कोहॉलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढा नवा थर्मल पेस्ट लावावा.

(३) वीजपुरवठा तपासावा. एसएमपीएसच्या १२ व्होल्ट शाखेचा दाब भाराखालीही ११·४ ते १२·६ व्होल्ट या मर्यादेत राहिला पाहिजे. अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही तीतील धारित्रांत प्राणघातक विद्युत् भार काही काळ शिल्लक राहतो.

(४) स्मृतीची परीक्षा मेमटेस्ट८६ यासारख्या प्रोग्रॅमने करावी व ती शक्यतो रात्रभर चालू द्यावी. एकही चूक ग्राह्य मानू नये. चूक आढळल्यास एकेक पट्टी स्वतंत्रपणे लावून सदोष पट्टी वा खाच ओळखावी.

(५) यानंतर प्रोसेसरची कंप्रता लहान टप्प्यांनी वाढवावी. एका वेळी एकच मूल्य बदलावे आणि प्रत्येक बदल, त्या वेळचे खोलीचे तापमान व परिणाम वहीत टिपावा. परीक्षेसाठी प्राइम९५ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध आहे. मर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या सामूहिक प्रकल्पाचा तो भाग असून, ज्यांची उत्तरे आधीच माहीत आहेत अशी गणिते करवून तो प्रोसेसरची चूक पकडतो. चूक आढळताच दाब वाढविण्याचा मोह टाळून प्रथम कंप्रता एक-दोन टप्प्यांनी खाली आणावी. चित्रण-कार्डाची परीक्षा सर्वांत शेवटी व स्वतंत्रपणे करावी.

धोके : संगणक बंद पडणे हा अस्थिरतेचा सर्वांत वाईट परिणाम नव्हे, बंद पडलेला संगणक निदान आपला दोष कळवितो. अधिक घातक असतो तो मूक दोष. हिशेबातील एखादा आकडा किंवा विद्यार्थ्याच्या प्रबंधातील एखादी फाइल कोणतीही सूचना न मिळता बिघडते आणि पुढे तीच सदोष प्रत जपली जाते. घरातील ज्या संगणकावर दुकानाचे हिशेब, शेतीची कागदपत्रे वा परीक्षेचे काम होते, तो संगणक ओव्हरक्लॉक करू नये हा म्हणूनच सर्वांत सुरक्षित नियम होय.

वाढीव दाब व तापमान यांमुळे प्रोसेसरमधील धातूच्या सूक्ष्म वाहकांतील अणू हळूहळू स्थलांतर करतात व वाहक झिजतात. त्यामुळे आरंभी स्थिर असलेली कंप्रता काही काळानंतर पेलत नाही. हा धोका केवळ हौशी प्रयोगांपुरता नाही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे आढळल्यावर, वाढीव दाब हे त्यामागील एक प्रमुख कारण असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये स्पष्ट केले; दाब नियंत्रित करणारी सुधारणा दिली व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. अशी इजा झाल्यानंतर मूळ मूल्ये परत आणली तरी घटक पूर्ववत होत नाही. शिवाय ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान उत्पादकाच्या हमीत बहुधा बसत नाही.

स्थिर मांडणी : उन्हाळ्यातील सर्वाधिक उष्ण दुपारी, पंखे व झरोके स्वच्छ असताना आणि पूर्ण भाराखाली संगणक कमाल मर्यादेच्या किमान १०° से. खाली राहत असेल, तरच ती मांडणी वर्षभरासाठी स्थिर मानावी. बायोसमध्ये दोन संच जतन करून ठेवता येत असल्यास हिवाळ्यासाठी एक व उन्हाळ्यासाठी मूळ मूल्यांचा दुसरा, अशी योजना करणे सोयीचे ठरते. उष्ण प्रदेशात काही वेळा उलट उपायही हितकर होतो. कंप्रता मूळचीच ठेवून दाब किंचित कमी केल्यास उष्णता घटते आणि प्रोसेसरला स्वतःचा वेग आवरावा लागत नाही. परिणामी मे महिन्याच्या दुपारी असा संगणक ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकापेक्षा अधिक वेगाने व अचूकपणे काम करू शकतो. मात्र अवाजवी कमी दाबानेही अस्थिरता येत असल्याने वरील सर्व परीक्षा त्यालाही लागू आहेत.