मासळीचे खवले आणि आपली कातडी

सिंदी (रेल्वे) परिसरातल्या आमच्या मायबहिणी कापूस वेचून घरी येतात तेव्हा बोटे बोंडांनी ओरखडलेली असतात, टाचांना भेगा असतात. त्यांच्याच शिकणाऱ्या मुली आता विचारतात, "आई, माशाच्या कोलेजनची पावडर घेऊ का? कातडी चांगली होते म्हणे." एका डब्यात आईची कित्येक दिवसांची मजुरी जाते. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

कोलेजन हे कातडी, हाडे आणि सांधे घट्ट बांधून ठेवणारे प्रथिन. माशाच्या कातड्यात, खवल्यांत, काट्यांत ते भरपूर असते. रोहूच्या डोक्याचा रस्सा थंड झाला की थिजतो, तो त्यामुळेच. हेच प्रथिन पाचक रसांसारख्या द्रव्यांनी बारीक तोडले की त्या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. १९५७ साली स्थापन झालेल्या कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने फेकून दिल्या जाणाऱ्या खवल्यांपासून ते काढण्यावर काम केले आहे. टाकाऊतून टिकाऊ, हे आम्हांला आवडले.

आता गुणाचे. रोज अडीच ते दहा ग्रॅम पावडर दोन-तीन महिने घेतल्यावर कातडीचा ओलावा व लवचिकपणा थोडा वाढल्याचे काही चाचण्यांत दिसले. पण २०२५ साली अशा चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा ज्यांना कंपन्यांचा पैसा नव्हता त्यांत फायदा आढळला नाही! खाल्लेली पावडर पोटात बहुतेक पचूनच जाते; ती थेट गालावर जाऊन बसत नाही. रंग तर तिने मुळीच उजळत नाही. आणि उजळायचा कशाला? रंगावरून माणसाची किंमत करणाऱ्यांना आपण केव्हाच नाकारले आहे.

तेव्हा पैसा मासळी, अंडी, डाळीवर घालावा. शरीर स्वतःचे कोलेजन बनवते. त्याला क जीवनसत्त्व लागते, ते आवळा, लिंबू, पेरूत मिळते. उन्हात डोके व हात झाकावेत. भेगाळलेल्या टाचा रात्री कोमट पाण्यात भिजवून खोबरेल लावावे. मासळी खाल्ल्यावर अंगावर पित्त उठत असेल, तर ही पावडरही घेऊ नये.

आणि अंगावर फिकट चट्टा असेल, तिथे टोचलेले कळत नसेल, तर पावडर, मलम काही न करता सरकारी दवाखाना गाठावा. तो कुष्ठरोग असू शकतो. औषध तिथे फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.