नाट्य व नृत्यशिक्षण, विद्यापीठीय

नाट्य व नृत्य या प्रयोगकलांचे पदवी आणि पदव्युत्तर स्तरांवरील अध्यापन व त्यासाठी लागणाऱ्या सोयी आणि परिसर. इतर विद्याशाखांत अध्यापनाचा भार मुख्यतः ग्रंथ व व्याख्यान यांवर असतो. प्रयोगकलांत तो शरीर, आवाज आणि अवकाश यांवर असतो. त्यामुळे येथे जागा व साधने ही पूरक सामग्री नसून अध्यापनाचेच अंग होत.

पश्चिम भारतात या शिक्षणाचा आरंभ बडोद्यास झाला. तेथे १८८६ मध्ये स्थापन झालेले संगीत विद्यालय पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात (स्थापना १९४९) समाविष्ट होऊन संगीत, नृत्य व नाट्य यांचे पदवी-शिक्षण सुरू झाले. पुणे विद्यापीठाने (स्थापना १९४९, २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) १९८७ मध्ये ललित कला केंद्र स्थापिले. संगीत, नाट्य आणि कथक व भरतनाट्यम् या नृत्यशैली यांचे शिक्षण तेथे गुरुकुल व विद्यापीठीय अशा दोन्ही पद्धतींच्या मेळातून दिले जाते. नाटककार सतीश आळेकर १९९६ ते २००९ या काळात केंद्राचे प्रमुख होते. मुंबई विद्यापीठात २००३ मध्ये नाट्यशिक्षणाची स्वतंत्र अकादमी निघाली.

नृत्यशाळेत प्रथम पाहावयाची ती जमीन. कथकातील तत्कार वा भरतनाट्यम् मधील अडवू यांचा सराव रोज तासन्‌तास चालतो. काँक्रीटवर थेट बसविलेल्या फरशीवर प्रत्येक पदाघात घोटे, गुडघे व कंबर यांना सोसावा लागतो. म्हणून खाली पोकळी ठेवून बसविलेली लाकडी जमीन श्रेयस्कर ठरते. दुसरी गरज प्रत्यक्ष साथसंगतीची होय. ध्वनिमुद्रित ठेका नर्तकाकडे पाहून लय बदलू शकत नाही. नाट्यविभागात तालीमगृह किमान रंगमंचाएवढे असावे लागते. ते लहान असल्यास बसविलेल्या हालचाली ऐनवेळी बदलाव्या लागतात. प्रकाशयोजनेचा सराव करण्यासाठी पूर्ण अंधार करता येणारे दालन, नेपथ्याची कार्यशाळा, खुला रंगमंच आणि प्रयोगांच्या दृक्‌श्राव्य मुद्रणांचा संग्रह याही आवश्यक गोष्टी होत. तालमी रात्री उशिरापर्यंत चालत असल्याने बाहेरगावच्या विद्यार्थ्यास, विशेषतः विद्यार्थिनीस, जवळचे वसतिगृह ही सोय नसून शिक्षणाची पूर्वअटच ठरते.

परिसराचे महत्त्व इमारतीइतकेच आहे. पुणे शहरात नाट्यगृहे, नृत्यसंस्था आणि १९६३ पासून चालू असलेली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा यांमुळे विद्यार्थ्यास जाणता प्रेक्षक लाभतो. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये स्थापिलेल्या नृत्यभारतीसारख्या संस्थांनी विद्यापीठात नृत्य येण्यापूर्वीच त्याची भूमी तयार केली होती.

याच जिल्ह्याच्या पूर्व भागातील घोड नदीकाठचे शिरूर व भीमेकाठचे दौंड या तालुक्यांत चित्र निराळे दिसते. ही गावे पुण्यापासून सु. ७० ते ८० किमी. अंतरावर आहेत. तेथील विद्यार्थ्याचा प्रयोगकलांशी महाविद्यालयीन संबंध सामान्यतः स्नेहसंमेलन व स्पर्धा यांपुरता राहतो. मात्र या भागात कलेचा अभाव नाही. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव तमाशा कलावंतांसाठी प्रसिद्ध आहे, तर दौंड तालुक्यातील चौफुला येथील कला केंद्रांत संगीत बारीच्या लावणीचे कार्यक्रम होतात. ढोलकी-फडाचा तमाशा तंबूसह गावोगावच्या जत्रांतून हिंडतो. संगीत बारी एका थिएटरात मुक्काम करते. तेथे राहणे, सराव आणि सादरीकरण एकाच आवारात घडते. मुलगी वडीलधाऱ्या कलावंतीणींकडे पाहत पदन्यास, अदा व शब्दागणिक बदलणारा भाव शिकते. बैठकीच्या लावणीत बसल्या जागी केवळ मुद्रा, हस्त व दृष्टी यांनी अर्थ उलगडला जातो. अभिनयाच्या अभ्यासकास ते मोलाचे उदाहरण आहे.

अशा रीतीने एकाच जिल्ह्यात दोन गुरुकुले नांदतात. एकाजवळ ग्रंथालय, पदवी व प्रतिष्ठा आहे. दुसऱ्याजवळ रोजचा प्रेक्षक व परंपरा आहे. पदवी-प्रवेशास बारावीची अट असते. ज्या कलावंत मुलीची शाळा पोटासाठी लवकर सुटते, तिला तिच्याच कलेच्या विद्यापीठीय अभ्यासाचे दार बंद राहते. उलट, शहरातील विद्यार्थी लावणीचे पदन्यास शिकतो, पण समोरच्या श्रोत्याच्या फर्माइशीनुसार तीच ओळ निरनिराळ्या भावांनी फिरवून दाखविण्याचा सराव त्यास क्वचितच मिळतो.

लोककलांना विद्यापीठात स्थान देण्याचे प्रयत्न झाले आहेत. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी हे त्याचे उदाहरण होय. शासनाने २००६ पासून विठाबाई नारायणगावकर यांच्या नावे तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. पण सन्मान व शिक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी नसलेल्या कलावंतास मानधनावर गुरू म्हणून निमंत्रण, तालुक्याच्या महाविद्यालयात चांगल्या जमिनीचे एक तालीमगृह, अल्पमुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम व प्रयोगांचे पद्धतशीर मुद्रण यांसाठी फार मोठा खर्च लागत नाही. या सोयी झाल्यास शिरूर-दौंडचा विद्यार्थी केवळ शहरात जाणारा न राहता, शहरातील विद्यार्थ्यासही शिकण्यासाठी इकडे यावे लागेल.