पूर्णांकाचे बाइट

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या ‘सी’ या संगणकभाषेत पूर्णांक आज बहुधा चार बाइटांत साठविला जातो. एका बाइटात ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. मग १९६१ कशी मावावी? तिला २५६ ने भागावे: भागाकार ७, बाकी १६९. हे तिचे खालचे दोन बाइट. वरचे दोन शून्य.

सीमध्ये यासाठी चिन्हविरहित पूर्णांक घ्यावा, तो अनुक्रमे ०, ८, १६ व २४ बिट उजवीकडे सरकवावा आणि दरवेळी २५५ शी ‘अँड’ ही क्रिया करावी. तीमुळे शेवटचे आठच बिट उरतात.

पॉइंटरने स्मृतीतील बाइट थेटही वाचता येतात. परंतु तेथे क्रम यंत्रावर अवलंबून असतो. इंटेलचे प्रोसेसर धाकटा बाइट आधी ठेवतात, तर इंटरनेटच्या नियमांत थोरला आधी जातो. हा भेद विसरून दोन बाइटांत धाडलेली १९६१ ही संख्या पलीकडे ४३२७१ म्हणून वाचली जाते, आणि यंत्र तक्रारही करीत नाही! सरकविण्याची रीत मात्र मांडणीकडे न पाहता मूल्याकडे पाहते. म्हणूनच तिचे उत्तर सर्वत्र एकच येते.