बर्फावर एकटीनं!

“एकटी जाणार? सोबत कोण?” जालन्यात, भोकरदनला नाहीतर परतूरला बाईनं बॅग भरली की हा प्रश्न ठरलेलाच. त्यात ती बर्फावर घसरायला, म्हणजे स्कीइंगला निघाली असेल तर बघायलाच नको! पण मैत्रिणींनो, या प्रश्नाला एक चांगलं उत्तर आहे: प्रशिक्षण वर्ग.

मनालीच्या सरकारी पर्वतारोहण संस्थेत आणि गुलमर्गला केंद्र सरकारच्या संस्थेत हिवाळ्यात स्कीइंग शिकवतात. राहणं, जेवण, साहित्य, शिकवणारे, सगळी सोय तिथेच. म्हणजे घरून एकटीनं निघालं तरी तिथे एकटं वाटत नाही. वैद्यकीय दाखला, वयाची अट, फी आधीच विचारून घ्या.

जालन्याहून सचखंड एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी दिल्लीला पोचवते. तिथून मनालीला रात्रीची बस.

पहिला धडा पडण्याचा! पडायचं ते कुशीवर. मग थांबण्याचा: पायातल्या पट्ट्यांची पुढची टोकं जवळ, मागची लांब. सुती कपडे भिजले की अंग गारठतं, म्हणून लोकरीचे घ्या. बर्फावरच्या उन्हानं डोळे दिपतात, गॉगल हवाच.

मनालीच्याच आंचल ठाकूरनं २०१८ साली तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवलं. स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक म्हणून ते गाजलं. आपल्याला पदक कुठे हवंय? चार दिवस स्वतःचे हवेत.

निघताना गाडीचा नंबर आणि संस्थेचा फोन घरी लिहून ठेवा. काळजी त्यांनाही असते. सुखरूप परत आलात की पुढच्या वेळी “सोबत कोण?” विचारणारा आवाज जरा खाली आलेला असेल!