बेणे पाहून लागण, नर्सिंग होम पाहून भरती
(ऊस विकास विभागाकडून)

लागणीचे बेणे आणताना आपण काय काय पाहतो? बेणेमळा किती महिन्यांचा आहे, डोळे फुगीर आहेत की नाहीत, काणी किंवा गवताळ वाढ कुठे दिसते का, कांडी उभी चिरली तर आत लाली आहे का. शंका आली तर रिकामी गाडी परत आणतो, पण तसले बेणे आणत नाही. एका पिकासाठी एवढी चौकशी करणारे आपण घरातले माणूस आजारी पडले की मात्र दिसेल त्या पाटीखाली नेऊन निजवतो. का नेले म्हणून विचारले तर उत्तर मिळते, "जीपवाल्यानं तिथं नेलं."

ऊस विकास विभागाने दवाखान्यावर का लिहावे, असे काही सभासदांना वाटेल. कारण सरळ आहे. गट ऑफिसला ऊस बिलावर उचल मागायला येणाऱ्यांत दवाखान्याच्या बिलासाठी येणारे पुष्कळ असतात. खतासाठी घेतलेली उचल उसातून वर येते. दवाखान्याची उचल येत नाही, आणि कधीकधी माणूसही येत नाही. म्हणून या अंकात खोडव्याचे बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

नर्सिंग होम म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावी असलेले पाच-पंचवीस खाटांचे खाजगी इस्पितळ. कायद्याच्या मराठीत त्याला शुश्रूषागृह म्हणतात. यातली बहुतेक डॉक्टर मंडळी मन लावून काम करतात आणि रात्री-अपरात्री आपली गावे त्यांच्याच आधाराने असतात. सबब हा लेख कोणाच्या विरुद्ध नाही. परंतु चांगले कोणते आणि कच्चे कोणते हे ओळखण्याची नजर सभासदाला पाहिजे, आणि ती पेशंट गाडीत घातल्यावर येत नाही. सवडीच्या दिवसांत, घरात सगळे धडधाकट असताना, एकदा जाऊन पाहून यावे.

भिंतीवरचा कागद

आत गेल्यावर पहिल्याने भिंतीकडे पाहावे. राज्यात १९४९ सालापासून शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आहे. त्याप्रमाणे नोंदणीचे प्रमाणपत्र सर्वांना दिसेल अशा जागी लावावे लागते. ही नोंदणी कायमची नसते, तीन वर्षांनी नवी करावी लागते. तेव्हा तारीख वाचावी. मालकाचे नाव आणि खाटांची संख्याही वाचावी. प्रमाणपत्रावर दहा खाटा आणि व्हरांड्यात धरून पेशंट बावीस, असे दिसले तर समजावे की दहांना पुरणाऱ्या माणसांवर बावीस जणांचा भार आहे.

जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याच्या नियमांत सुधारणा झाली. त्यानुसार रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रकही दर्शनी भागात लावावयाचे आहे. हे कागद नसतील तर "का नाही" असे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. तक्रार असेल तर महापालिकेच्या हद्दीत तिच्या आरोग्य खात्याकडे आणि इतरत्र जिल्ह्याच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांकडे करावी. जिल्हा शल्यचिकित्सकांचे कार्यालय त्यासाठी माहीत असावे.

रात्री कोण असतं?

दिवसा सगळी नर्सिंग होम चांगलीच दिसतात. खरी पारख रात्री दोनला होते. मोठे डॉक्टर घरी गेल्यावर मागे कोण थांबते? त्यांची पदवी कोणती, नोंदणी कोणत्या परिषदेची? मोठे डॉक्टर राहतात कुठे, वरच्या मजल्यावर की तीस किलोमीटरवर? रात्रपाळीची नर्स परीक्षा पास होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदलेली आहे, की काम बघून शिकलेली मुलगी आहे? पांढरा कोट सगळ्यांनाच शोभतो. विचारायला संकोच करू नये. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही, उलट माणसे दाखवतो.

तिथे राहून आलेल्या दोन-तीन पेशंटांच्या घरीही विचारावे. "डॉक्टर कसे आहेत?" असे विचारले तर "देवमाणूस" असे उत्तर मिळते, त्यातून काही कळत नाही. "रात्री सलाईन संपल्यावर बोलावलं तर किती वेळात आले?" असे विचारावे.

ऑपरेशन आणि रक्त

ऑपरेशन करणारा सर्जन आपण विचारून घेतो, पण भूल देणारा कोण हे कोणी विचारत नाही. लहान गावात भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून येतात. त्यात गैर काही नाही. मात्र ऑपरेशन सुरू असताना आणि पेशंट शुद्धीवर येईपर्यंत ते हजर राहतात का, एवढे विचारून घ्यावे.

बाळंतपणासाठी जागा निवडताना रक्ताची चौकशी सर्वांत आधी करावी. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही तर दोन तासांतही बाईच्या जिवाला धोका होतो. तेव्हा परवान्याची रक्तपेढी किंवा रक्त साठवण केंद्र किती अंतरावर आहे, रात्री उघडे असते का, सिझेरियन करावे लागले तर ते इथेच होते की दुसरीकडे पाठवतात, हे सातव्या महिन्यातच ठरवावे. कळा सुरू झाल्यावर ठरवायची ही गोष्ट नाही.

सुई आणि कचरा

स्वच्छता म्हणजे फिनेलचा वास नव्हे. इंजेक्शनची सुई आपल्यासमोर पाकीट फोडून काढतात का? एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतात का? मोरीला पाणी आणि साबण आहे का? कचऱ्याबाबत २०१६ चे नियम आहेत. रक्ता-पुवाचे बोळे पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या व प्लास्टिक लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात, अशी वाटणी आहे. सर्व कचरा एकाच बादलीत दिसला, किंवा मागच्या उकिरड्यावर सुया दिसल्या, तर आतल्या खोलीतही तसाच कारभार असणार असे धरून चालावे.

आग लागली तर वाट कोणती?

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बालके दगावली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका खाजगी इस्पितळात अतिदक्षता विभागाला आग लागून डझनाहून अधिक रुग्ण गेले. यंत्रांना चिकटलेले पेशंट पळू शकत नाहीत. म्हणून दुसरा जिना आहे का, त्याच्या दाराला कुलूप तर नाही ना, जिन्यात खोकी आणि मोडक्या खाटा रचल्या आहेत का, हे स्वतः चालून पाहावे. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत सादर करावे लागते. ते दाखवा म्हणावे.

पानातला साप, पंपातले औषध

आपल्या धंद्याचे दोन धोके वेगळेच आहेत. पहिला सर्पदंश. नाग आणि मण्यार यांच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. चौघांवर एकच प्रतिविष चालते. तेव्हा प्रतिविष शिल्लक असते का आणि श्वास बंद पडला तर कृत्रिम श्वासाचे यंत्र आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. कोरड्या स्वच्छ काचनळीत रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि गोठते का पाहायचे, ही साधी चाचणी जिथे करतात तिथे सर्पदंशाची जाण आहे असे समजावे. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. खाजगीत सोय नसेल तर तिथे अर्धा तास घालवू नये, १०८ ला फोन करून सरळ तिकडे जावे.

दुसरा धोका फवारणीच्या औषधाची बाधा. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि धाप दिसली की औषधाची बाटली किंवा तिचे लेबल बरोबर घेऊन निघावे. कोणते विष गेले हे कळल्याशिवाय डॉक्टरांना नेमका उतारा देता येत नाही.

अपघात किंवा विषबाधा म्हणजे पोलीस केस, म्हणून कोणी दारातून परत पाठवत असेल तर ते बेकायदा आहे. जखमीला आधी उपचार, कागद नंतर, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच दिला आहे.

पिशवी काढायचा सल्ला

आता सर्वांत महत्त्वाचे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची पाहणी २०१९ मध्ये शासनाच्या समितीने केली. डॉ. नीलम गोऱ्हे समितीच्या अध्यक्ष होत्या. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहाजणींत एक. त्यांत ऐन तारुण्यातल्या बायकाही होत्या. अंगावर जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन त्या खाजगी दवाखान्यात गेल्या आणि "कॅन्सर होईल" या भीतीने टेबलावर झोपल्या. खाडा पडला की पैसे कापले जातात, फडावर आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावीच लागते. त्यामुळे "एकदाची कटकट जाऊ दे" असे त्यांनाही वाटले. त्यानंतर बीडमध्ये अशा ऑपरेशनला आधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम घालावा लागला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला.

हा प्रश्न फक्त टोळीचा आहे असे समजू नये. आमच्या एका गटातले सभासद पत्नीच्या या ऑपरेशनसाठी उचल मागायला आले. वय छत्तीस. कागद मागितले तर एक सोनोग्राफी आणि पुढची तारीख, दुसरे काही नाही. आम्ही म्हटले, "उचल मिळेल, पण आधी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवून या." तिथे तपासणी झाली, जंतुदोष निघाला, गोळ्यांनी बरे वाटले. ऑपरेशन झाले नाही. वहिनी आजही भांगलणीला जातात.

पिशवी काढावी लागते अशी दुखणी आहेत, हे खरे. परंतु त्याआधी पिशवीच्या तोंडाची तपासणी, पॅप स्मिअर, गरज असल्यास तुकडा काढून तपासणी आणि औषधोपचार, ही पायरी असते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचे वय एकदम येते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून सही करू नये. सही मराठीत वाचून करावी, कोऱ्या कागदावर कधीही नाही. एका तपासणीसाठी दिलेली संमती दुसऱ्या ऑपरेशनला चालत नाही. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय तिला न विचारता काढले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेच सांगितले आहे.

ज्यांच्या फडात टोळ्या उतरतात त्या सभासदांनी एवढे तरी करावे: बाईमाणसाला आडोसा आणि पाणी द्यावे, आणि दुखणे सांगितले तर मुकादमाच्या ओळखीच्या दवाखान्याऐवजी सरकारी रुग्णालयाची वाट दाखवावी. आपल्या उसाची मोळी त्यांच्या डोक्यावरून गाडीत जाते, हे विसरून चालणार नाही.

पैसा आणि कागद

भरती करतानाच खर्चाचा अंदाज लेखी मागावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते इस्पितळ आहे का ते विचारावे. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि ओळखपत्र जवळ ठेवावे, चौकशीचा फोन १५५३८८. या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, मात्र ते यादीतल्या आजारांना व यादीतल्या इस्पितळांत. घरी येताना डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे कागद आणि खोली, औषध, डॉक्टर असे वेगवेगळे लिहिलेले बिल घेतल्याशिवाय निघू नये. पेशंटच्या कागदांची प्रत लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागते. काटापावती आपण जपून ठेवतो, तसेच हे कागद जपावेत. आणि बिल थकले म्हणून पेशंट किंवा मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे गावात सर्वांना माहीत असू द्यावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. नोंदणीचा कागद, त्याची तारीख आणि खाटांची संख्या वाचा.
२. रात्री डॉक्टर आणि नर्स कोण, ते नावानिशी विचारा.
३. रक्त, प्रतिविष आणि श्वासाचे यंत्र यांची चौकशी आधी करा.
४. दुसरा जिना चालून पाहा.
५. पिशवीच्या ऑपरेशनला दुसरा सल्ला घेतल्याशिवाय होकार देऊ नका.
६. लेखी अंदाज घ्या, सगळे कागद घ्या.

प्रत्येक गटातल्या चार जाणत्या सभासदांनी, त्यांत दोन भगिनी असाव्यात, हंगाम संपल्यावर जवळची नर्सिंग होम पाहून यावीत आणि काय पाहिले ते वहीत लिहून ठेवावे. वही गट ऑफिसात राहील. जाताना आमच्या विभागाचा कर्मचारी हवा असेल तर कळवावे, तो बरोबर येईल.

ऊस विकास अधिकारी