विद्यापीठाच्या फाट्यावर

एका २८ नोव्हेंबरला, महात्मा जोतीराव फुले यांच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमासाठी आम्ही नगरहून राहुरीला निघालो होतो. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला. नगर-मनमाड रस्त्यावर उसाने लादलेल्या जोडट्रॉल्या, त्यांच्या मागे शिर्डीला निघालेल्या गाड्यांची रांग. विळद घाट उतरून पुढे येईपर्यंत अंधार पडला. राहुरी गाव येण्याच्या अलीकडे महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फाट्यावर पाच-सहा पोरे हात दाखवत उभी होती. आमच्या जीपमध्ये दोघांपुरती जागा होती. दोघांना घेतले.

एक अक्कलकुव्याकडचा आदिवासी मुलगा, दुसरा करमाळा तालुक्यातला बौद्ध. राहुरीत झेरॉक्स काढायची होती, औषध घ्यायचे होते. सहा किलोमीटरच्या आतबाहेरचे अंतर. पण जाण्यापेक्षा परत येण्याची काळजी त्यांना अधिक होती. त्यांनी चढताच पहिला प्रश्न विचारला, "सर, तुम्ही परत किती वाजता?"

१९६८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ. पश्चिम महाराष्ट्रापासून खानदेशापर्यंत दहा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन ते उभे राहिले, आणि त्या प्रकल्पग्रस्तांचे नोकरीचे गाऱ्हाणे पिढ्या उलटल्या तरी ऐकू येते. त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे. इथून बाहेर पडलेला भगवा डाळिंब, फुले २६५ हा ऊस, फुले वसुधा ही ज्वारी राज्यभरच्या शेतांत गेली आहे. बियाण्याच्या पिशवीवर जोतीरावांचे नाव छापले जाते याचा आम्हाला आनंद आहे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाला हे शोभणारेच आहे. परंतु जोतीरावांचा आग्रह शेतकऱ्याच्या पोराच्या शिक्षणासाठीही तितकाच होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी हेच मांडले की सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात.

जोतीरावांचे आणि नगरचे नातेही प्रवासाचेच आहे. १८४८ मध्ये ते पुण्याहून नगरला आले आणि मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली. परत जाऊन त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. तेव्हा देशात आगगाडी नव्हती. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली तीही नगर ते पुणे याच वाटेवर. तिकीट होते अडीच रुपये. शाळेसाठी माणूस नगरला येतो आणि गोरगरिबांची गाडी नगरमधून सुटते. असा हा जिल्हा! क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, चौदा तालुक्यांचा. येथे शिकायचे म्हणजे आधी प्रवास करायचा.

अक्कलकुव्याचा मुलगा घरून कसा येतो ते त्याने सांगितले. अक्कलकुव्याहून नंदुरबार, तेथून धुळे, मग मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव, शिर्डी, कोल्हार आणि राहुरी. तीन गाड्या बदलाव्या लागतात. एक चुकली की रात्र स्टँडवर. दौंड-मनमाड लोहमार्ग राहुरी तालुक्यातून जातो, पण स्टेशन गावापासून दूर आणि थांबणाऱ्या गाड्या थोड्या. म्हणून तो दिवाळीत जातो आणि थेट उन्हाळ्यात. आजी वारली तेव्हा पोचला नाही.

आता सवलतींकडे पाहू. एसटीच्या विद्यार्थी मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. चांगली गोष्ट आहे. पण ती रोज घरून ये-जा करणाऱ्याच्या कामाची. ज्याचे घर तीन गाड्यांच्या पलीकडे आहे त्याने मासिक पास काढून करायचे काय? ग्रामीण मुलींना अहिल्यादेवींच्या नावाने मोफत पास मिळतो, तो बारावीपर्यंत. अहिल्यादेवी याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. २०२४ मध्ये जिल्ह्यालाच अहिल्यानगर हे नाव मिळाले. त्या नावाच्या जिल्ह्यात मुलगी पदवीला गेली की तिचा मोफत पास संपलेला असतो. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले, त्यामुळे लांबून येणाऱ्या मुलींना खरा आधार मिळाला. मात्र तो बाई म्हणून मिळाला, विद्यार्थिनी म्हणून नव्हे. करमाळ्याच्या पोराला तो आधार नाही.

आता स्वाधार योजना पाहा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या खात्यात राहण्या-जेवणाचे पैसे जमा करणारी, बाबासाहेबांच्या नावाची ही योजना २०१६-१७ मध्ये आली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये. परंतु अट अशी की महाविद्यालय महापालिकेच्या हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आत हवे, किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. राहुरी नगरपासून पस्तीस-एक किलोमीटरवर. म्हणजे जो जितका आडबाजूला शिकायला गेला तितका तो योजनेच्या बाहेर! शहरातल्या मुलाला घरकाम, दुकान, शिकवणी असे काहीतरी करून चार पैसे मिळवता येतात. फाट्यावरच्या मुलाला काय मिळणार, ऊसतोडीची मजुरी? ही अट तयार करणाऱ्याने कधी फाट्यावर उभे राहून गाडीची वाट पाहिली असेल असे आम्हाला वाटत नाही. तालुक्यापर्यंत ही योजना पोचायला २०२४-२५ उजाडले. तालुक्यासाठी रक्कम ३८,००० रुपये. मधल्या आठ वर्षांत ज्यांचे शिक्षण झाले किंवा सुटले, त्यांचा हिशेब कोणाच्या फायलीत आहे?

पैशाइतकाच प्रश्न खोलीचा आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्यांना ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात राहावे लागते. गाव त्यांना कौतुकाने कृषिदूत म्हणते. पण राहायची जागा शोधताना पीक-पाण्याच्या आधी आडनाव विचारले जाते. करमाळ्याच्या मुलाला एका गावात "खोली दुसऱ्याला दिली" असे सांगितले गेले आणि आठवडाभर त्याच खोलीला कुलूप दिसत राहिले. शेवटी तो बौद्धवाड्यातल्या एका मावशीच्या ओसरीवर राहिला आणि सकाळी शेतकऱ्यांना माती परीक्षण शिकवायला जाऊ लागला. त्याच्या वडिलांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या मागे भूमिहीनांच्या सत्याग्रहात जे तुरुंगात गेले, त्यांची नातवंडे आज मृदाशास्त्र शिकत आहेत, हे विसरू नये.

१९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या भावंडांना वडिलांकडे जायला बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, पोरांनीच गाडी हाकायची या अटीवर गाडीवान तयार झाला. भाड्याला जात चिकटते हे आम्ही तेव्हापासून जाणतो. आज एसटीत कोणी आडनाव विचारत नाही, म्हणून तर एसटीचा आम्हाला जिव्हाळा. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात ती बंद पडली तेव्हा खासगी वाहनांनी मागितले ते भाडे ज्यांच्याकडे नव्हते, ती पोरे अडकून पडली. संप करणारे कामगारही आपलेच होते, त्यामुळे त्यांना दोष देण्याची आमची इच्छा नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. याच जिल्ह्यात २०१३ मध्ये सोनईला तीन दलित तरुणांची हत्या झाली, २०१४ मध्ये खर्ड्याला एका शाळकरी मुलाची. सोनई राहुरीपासून फार लांब नाही. करमाळ्याच्या मुलाची आई रोज रात्री फोन करून अभ्यासाचे विचारत नाही. "कुठं हायस? खोलीवर पोचलास का?" एवढेच विचारते. संध्याकाळी सातनंतर गाडी मिळेल की नाही, हा प्रश्न त्या माउलीसाठी वेळापत्रकाचा नाही. विद्यापीठाच्या फाट्यापासून राहुरी स्टँडपर्यंत रात्री दहापर्यंत ठरावीक वेळेला एक गाडी फिरली तर सरकारचे असे किती डिझेल जळणार आहे?

कार्यक्रम संपायला साडेनऊ झाले. भाषणांत जोतीरावांच्या नावाचा जयजयकार झाला, आम्हीही केला. परतताना स्टँडजवळ गाडी थांबवली. ठरल्याप्रमाणे दोघे उभे होते, हातात झेरॉक्सची पिशवी. सोबत तिसरा एक होता, त्यांच्याच वसतिगृहातला, तासभर ताटकळलेला. जागा दोघांचीच होती. आमच्या ड्रायव्हरने मागची सतरंजी आणि पुस्तकांचे गठ्ठे पायाशी ओढले आणि म्हणाला, "बसा रे, सरकून बसा."