इंडिकेटरची दांडी अडते? वळायच्या आधी हे वाचा



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे हे दोन महिने म्हणजे आपल्याकडे दुरुस्तीचे महिने. होडी वर ओढायची, तळ खरवडायचा, रंग काढायचा, इंजिन खोलायचं, जाळी शिवायची. पण ज्या गाडीतून आपण पहाटे बंदरावर जातो, बर्फ आणतो, म्हावरं बाजाराला पोचवतो, ती मात्र "चालतेय ना" म्हणून तशीच राहते. त्यातही एक गोष्ट कायम मागे पडते, ती म्हणजे इंडिकेटरची दांडी. जुन्या गाडीत ती घट्ट होते, करकरते, नाहीतर वळण संपलं तरी जागेवर परत येत नाही. मग ड्रायव्हर काय करतो? दांडीला हात लावणंच सोडून देतो. खरा धोका दांडीत नाही, या सवयीत आहे.

आपल्या नाखवांना आणि तांडेलांना हे वेगळं सांगायला नको. टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय सागरी नियम आहेत. त्यात इंजिनवर चालणाऱ्या दोन बोटी एकमेकींना दिसत असताना वळायचं असेल तर भोंगा द्यायला सांगितलंय. एक छोटा भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन मागे चालवतोय. कारण साधं आहे. आपल्या मनात काय आहे ते समोरच्याला दिसत नाही. रस्त्यावरचा इंडिकेटर हा तोच भोंगा आहे.

नल्लकुंट्यात काय झालं

आमच्या संस्थेतल्या एका घरची जुनी मारुती ८०० सध्या हैदराबादला आहे. मुलगा तिकडे नोकरीला, राहतो नल्लकुंट्यात. किनाऱ्यावर दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी वडिलांनी त्याला दिली. तिकडच्या पहिल्याच उन्हाळ्यात दांडी जड झाली. एका बाजूला ढकलायला जोर लागायचा, दुसऱ्या बाजूला करकर वाजायची. पोराने हळूहळू इंडिकेटर देणंच बंद केलं.

नल्लकुंटा म्हणजे गजबजलेला भाग. तिथेच फिव्हर हॉस्पिटल, शंकर मठ, लागून विद्यानगर. सिटी बस, रिक्षा, पेशंटला घेऊन आलेल्या गाड्या, सगळं एकाच रस्त्यावर. एका संध्याकाळी तो डावीकडे गल्लीत वळला आणि डाव्या अंगाने पुढे येणारा स्कूटरवाला दारावर आदळला. मागे त्याची बायको बसलेली. दोघांचं खरचटण्यावर निभावलं. तो माणूस एवढंच म्हणाला, "इंडिकेटर तो देना था ना भाई."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने स्विच खोलला. आतलं ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं, त्यात धूळ अडकलेली, आणि पितळी पट्ट्यांवर हिरवा थर. धूळ आणि सुकलेलं ग्रीस हैदराबादच्या उन्हाचं, हिरवा थर आपल्या खाऱ्या वाऱ्याचा. गाडी दोन्हीकडचं दुखणं घेऊन फिरत होती. साफसफाई आणि नवं ग्रीस एवढ्यावर काम भागलं.

आत असतं काय?

दांडी ज्या स्विचला जोडलेली असते त्याला गॅरेजमध्ये कॉम्बिनेशन स्विच म्हणतात. आत स्प्रिंगवर बसवलेली छोटी गोळी किंवा रोलर असतो. दांडी ढकलली की तो खाचेत बसतो, म्हणून "टक्" असं जाणवतं. त्याच वेळी धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि दिवा लागतो. वळून स्टीअरिंग सरळ होताना, त्याच्यासोबत फिरणारा खुंटा आतल्या प्लॅस्टिकच्या जिभेला धक्का देतो आणि दांडी परत मधे येते. ग्रीस सुकलं, जीभ झिजली किंवा मोडली, पट्ट्यांवर थर चढला, की तक्रारी सुरू.

घरी ओळखा, मग गॅरेजला जा

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा.

१. इंजिन बंद, चाकं सरळ. दांडी दोन्हीकडे हलवून बघा. दोन्हीकडे सारखीच जड असेल तर बहुतेक ग्रीस सुकलंय किंवा धूळ बसलीय. एकाच बाजूला अडत असेल तर आत काही मोडलंय, वायर दबलीय किंवा स्टीअरिंगखालचं कव्हर वाकडं बसलंय.

२. इंजिन चालू करून, इंडिकेटर न देता स्टीअरिंग सावकाश फिरवा. प्रत्येक फेरीत एकाच जागी खट् वाजलं तर खुंटा आणि जीभ यांच्याकडे बघायला सांगा. सतत घासल्यासारखा आवाज येत असेल तर हॉर्नची रिंग कोरडी असेल किंवा कव्हर घासत असेल. तेव्हा दांडीला उगाच दोष देऊ नका.

३. वळणानंतर दांडी परत येत नसेल तर जीभ झिजलीय. ही सहसा दुरुस्त होत नाही, स्विच बदलावा लागतो.

४. टिकटिक आवाज हा बिघाड नव्हे, तो फ्लॅशरचा. मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा दिवा लुकलुकला की ठीक. एकाएकी भराभर किंवा फारच मंद झाला तर त्या बाजूचा बल्ब गेलाय, नाहीतर अर्थिंग खराब आहे. किनाऱ्यावरच्या गाड्यांत मागच्या दिव्याचं होल्डर आधी बघा, तिथे गंज हमखास सापडतो.

हे करू नका

• घट्ट दांडीवर खोबरेल, डिझेल, इंजिन ऑइल ओतू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्यावर धूळ चिकटते आणि आधीपेक्षा जास्त अडतं.

• होडीच्या शाफ्टचं जाड ग्रीस इथे चालत नाही. पट्ट्यांवर पसरलं तर दिवाच लागणार नाही. धातूच्या पट्ट्यांना कॉन्टॅक्ट क्लीनर आणि फक्त फिरणाऱ्या प्लॅस्टिकला तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन किंवा पांढरं लिथियम ग्रीस, एवढं पुरतं.

• म्हावरं उतरवल्यावर आपण पाईप लावून गाडी आतून धुतो. मागचा भाग खुशाल धुवा, पण स्टीअरिंग आणि डॅशबोर्डवर पाणी मारू नका. खाऱ्या पाण्याने तर अजिबात नको. बर्फाच्या पाण्याने ओले हातही आधी पुसा, मग दांडीला लावा.

• जोर लावून दांडी ढकलू नका. मुळाशी मोडली तर पूर्ण स्विच बदलणं आलं.

स्विच उघडायचा तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलीच पाहिजे. स्टीअरिंगवर एअरबॅग किंवा एसआरएस असं लिहिलं असेल तर घरी हात घालूच नका. नवा स्विच घेताना जुना सोबत न्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार प्लग वेगळा असू शकतो.

गॅरेज लांब असेल तर?

तोवर हाताने इशारा द्या. उजवीकडे वळायचं तर उजवा हात खिडकीबाहेर सरळ, तळवा पुढे. डावीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवा. पण पहाटे चारला बंदराच्या रस्त्यावर तो हात कुणाला दिसणार? म्हणून ही सोय फक्त दिवसाची, आणि तीही गॅरेजपर्यंतचीच.

अजून एक. म्हावऱ्याचे टेम्पो, पिकअप अशी धंद्याची गाडी ८ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावं लागतं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी नव्याने करावं लागतं. दोन्हीकडे इंडिकेटर बघतात. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आत्ताच करा.

होडी पाण्यात लोटायच्या आधी आपण दिवे तपासतो, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. या वर्षी त्याच दिवशी गाडीचीही दांडी दोन्हीकडे एकेकदा हलवून बघा, आणि घरातल्या कुणाला तरी मागे उभं करून दिवा लागतोय का ते विचारा. पाच मिनिटांचं काम आहे. आपल्या खलाशांना आणि टेम्पो चालवणाऱ्या पोरांनाही हे सांगा.